तीन ट्यूब आणि एक तार

पुणे ते गणपतीपुळे, पाच दिवस, तीन खाड्या. हा बेत चार वर्षं माझ्या वहीत पडून होता. ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून म्हसळ्यावरून हरिहरेश्वर, बागमांडल्याला सावित्रीची खाडी, दाभोळला वाशिष्ठीची, तवसाळला शास्त्रीची. तिन्ही खाड्यांवर गाड्या नेणारी फेरीबोट आहे, त्यामुळे सायकलवाल्याला गोवा महामार्ग टाळून किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली सरकता येतं. वाटेत गुहागर, माझं आजोळ. चौथा मुक्काम तिथे ठरलेला. लहानपणी त्या घरी नेहमी एसटीनं गेले. एकदा तरी सायकल मारत जाऊन अंगणात टेकायचं, ही माझी फार जुनी इच्छा.

सोबतीला बहिणीचा मुलगा होता, एकोणीस वर्षांचा. त्याची सायकल २६ इंची, जाड टायरची. माझी हायब्रिड, ७०० मापाचं चाक. निघायच्या आठवडाभर आधी मी तिचे ३२ मिलिमीटर रुंदीचे टायर काढून २८ चे घातले. दुकानात सांगितलं की घाटात हलकं पडेल, आणि मला ते पटलं. दोन जादा ट्यूब, पॅचची पाकिटं, सोल्यूशन, टायर लिव्हर, हातपंप, पान्हे असं सगळं सामान माझ्या पिशवीत होतं. दोघांच्या चाकांची मापं वेगळी असल्यानं एकमेकांच्या ट्यूब चालणार नव्हत्या. याचा विचार मी केला होता, पण दोन ट्यूब पुरतील असं धरून चालले.

पहिला दिवस : पुणे ते माणगाव

पहाटे पाचला चांदणी चौक सोडला. भूगाव, पिरंगुट, आणि पौडला मिसळ. पुढे मुळशीचं पाणी दिसायला लागलं तशी थंडी वाढली. या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट आणि मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. भाच्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, म्हणून एका वळणावर सायकली लावल्या आणि पाण्याकडे बघत त्याला ते सांगितलं. धरणाच्या पाण्याखाली माणसांची घरं आणि भातखाचरं गेली आहेत, हे ठाऊक असलं की ते निळं पाणी वेगळं दिसतं. तो बराच वेळ गप्प होता.

ताम्हिणीचा उतार सुरू झाला आणि मी पहिली चूक केली. वळणावर सावलीत खड्डा होता, तो दिसेपर्यंत मागचं चाक त्यात आदळलं. दहा पावलांत हवा गेली. ट्यूब काढली तर शेजारी शेजारी दोन बारीक चिरा. याला सायकलवाले स्नेक बाईट म्हणतात: हवा कमी असली की खड्ड्यात टायर दबतं आणि रिमच्या दोन कडा ट्यूबला दोन्हीकडून चावतात. बारीक टायरला हवेचा दाब जास्त लागतो, आणि मी सकाळी हातपंपानं अंदाजानंच हवा भरली होती. नवी ट्यूब घातली आणि पंधरा मिनिटांत निघालो.

खाली विळ्याला औद्योगिक वसाहत आहे. तिथून ट्रकांची रांग लागली. एक ट्रक अगदी खेटून गेला तेव्हा मी रस्त्याच्या कडेला, मातीत उतरले. तिथे फुटलेल्या ट्रकच्या टायरच्या चिंध्या पडल्या होत्या, त्यांच्यावरून चाक गेल्याचं आठवतं. निजामपूर येईपर्यंत मागचं चाक मऊ लागायला लागलं. हवा मारली, तीन किलोमीटर गेलो, परत हवा मारली. असं चार वेळा थांबत अंधार पडल्यावर माणगाव गाठलं.

लॉजच्या न्हाणीघरात बादली भरली आणि दोन्ही ट्यूब बुडवून पाहिल्या. दुसऱ्या ट्यूबला टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं, त्यातून बारीक बुडबुड्यांची माळ निघत होती. काचपेपरनं घासलं, सोल्यूशन लावलं, पॅच दाबला. सोल्यूशन लावून ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं असतं, आणि मी थांबले नाही. दिवसभराचा शीण होता, पाठ टेकायची होती. टायरवर वरून हात फिरवला, काही लागलं नाही, ट्यूब घातली आणि झोपले.

दुसरा दिवस : माणगाव ते हरिहरेश्वर, मधे म्हसळा

सकाळी चाक सपाट होतं. कालचा पॅच सुटला असणार असं ठरवून ती ट्यूब काढली, कोरी करकरीत शेवटची ट्यूब घातली. मोर्बा ओलांडून आठेक किलोमीटर गेलो असू, तोच मागून फुस्स. आता पहिल्या दिवशीची, दोन चिरांवर पॅच मारलेली ट्यूब घातली. ती सहा किलोमीटर टिकली.

उन्हं वर आली होती. पॅच शिल्लक होते, पण सोल्यूशनची नळी कालच्या वापरानंतर नीट बंद न झाल्यानं आत वाळून गेली होती. नवीन नळी असायला हवी होती. आंब्याला मोहोर आला होता, त्याचा वास रस्ताभर होता, आणि मी रस्त्याच्या कडेला तीन निकामी ट्यूब मांडीवर घेऊन बसले होते. भाचा म्हणाला, "मावशी, माझी सायकल घे, मी चालत येतो." त्याला नाही म्हटलं. दोघंही चालू लागलो. दीड तासानं एका रिकाम्या टेम्पोवाल्यानं सायकली मागे टाकून आम्हाला म्हसळ्याला सोडलं.

म्हसळ्याच्या बाजारात एका पत्र्याच्या शेडखाली सायकल दुरुस्तीचं दुकान सापडलं. दारात पाण्याचं घमेलं, खिळ्याला टांगलेल्या जुन्या ट्यूब, आणि पासष्टी ओलांडलेले चाचा. मी म्हटलं, "चाचा, या तिन्हींची पंक्चरं काढून द्या, आम्हाला संध्याकाळपर्यंत हरिहरेश्वर गाठायचंय." त्यांनी ट्यूब हातात घेतल्या, पण पंक्चर काढायला बसले नाहीत. तिन्हींत थोडी थोडी हवा भरली, घमेल्यात बुडवून भोकांवर खडूनं खुणा केल्या, आणि मग तिन्ही ट्यूब फरशीवर एकीखाली एक अशा अंथरल्या की व्हॉल्व्ह एका रेषेत यावेत. एक ट्यूब त्यांना उलटी करावी लागली. दोन चिरांची जागा वेगळी होती. पण टाचणीएवढी तीन भोकं बरोबर एकाच अंतरावर, एकाखाली एक उभी होती.

"भोक ट्यूबला नाय, बाई. टायरला बघायचा," ते म्हणाले.

मग मलाही दिसलं. दर वेळी मी टायरची एकच कड उचलून ट्यूब बदलत होते, त्यामुळे टायर रिमवर तिथेच राहत होतं आणि व्हॉल्व्हही त्याच भोकात बसत होता. टायरमध्ये जे काही रुतलं होतं, ते प्रत्येक नव्या ट्यूबला त्याच जागी टोचत होतं. चाचांनी व्हॉल्व्हपासून वितीनं अंतर मोजलं, टायर त्या जागी आतून बाहेर उलटं केलं आणि कापसाचा बोळा हलकेच फिरवला. एका ठिकाणी कापसाचा एक धागा अडकला. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीही दिसत नव्हतं. टायर दोन्ही अंगठ्यांनी वाकवलं तेव्हा काळ्या रबरातून काळंच टोक वर आलं. चिमट्यानं ओढलं तर नखाएवढ्या लांबीची, केसासारखी पोलादी तार. ट्रकच्या टायरमध्ये अशा तारांचं जाळं असतं, टायर फुटलं की तिचे तुकडे रस्त्याच्या कडेला विखुरतात. विळ्याच्या त्या चिंध्यांतून मी ती उचलली होती. टायर नुसतं चाचपलं तर ती आत दबून बसायची, वजन पडलं की पुढे यायची.

पॅच मारताना त्यांनी प्रत्येक वेळी सोल्यूशन लावून ट्यूब बाजूला ठेवली आणि चहा प्यायले. आम्हालाही दिला. मला घाई आहे हे त्यांना मी दोनदा सांगितलं होतं, त्यांनी ते ऐकलंही होतं, पण सोल्यूशन वाळायला लागणारा वेळ त्यांनी कमी केला नाही. भाचा तो सगळा वेळ उकिडवा बसून बघत होता. निघताना त्यानं कापसाचा बोळा मागून घेतला आणि खिशात ठेवला. चाचांनी तीन ट्यूबांचे मिळून साठ रुपये घेतले, वर नव्या सोल्यूशनची नळी दिली.

म्हसळ्यापासून हरिहरेश्वरापर्यंत चाकानं एकदाही कुरकुर केली नाही. समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. देवळाच्या मागची खडकांवरची प्रदक्षिणेची वाट भरतीमुळे बंद होती.

तिसरा दिवस : हरिहरेश्वर ते वेळास

बागमांडल्याची फेरीबोट म्हणजे या रस्त्यावरचा माझा आवडता तुकडा. मोटारी, दुचाक्या, एखादा टेम्पो आणि माणसं सगळी एका सपाट लोखंडी डेकवर, आणि पंधराएक मिनिटांत रायगड जिल्हा मागे पडून वेसवीला रत्नागिरी जिल्हा पायाखाली येतो. पलीकडे बाणकोटच्या किल्ल्याची टेकडी. खाडीवर वारा असा सुटला होता की भाच्यानं सायकल सोडून दोन्ही हात पसरले.

वेसवीहून वेळासपर्यंतचा रस्ता अंतरानं थोडा आहे. एका चढावर डांबर उखडून खडी टाकली होती, जांभ्याचे धारदार तुकडेही त्यात होते. मी उतरून ढकलत न्यायला हवी होती. चढ संपता संपता एका तुकड्यावर चाक घसरलं आणि टायरच्या कुशीला, जिथे रबर सर्वांत पातळ असतं, दोन बोटं रुंद चीर पडली. आतली ट्यूब फटाक्यासारखी फुटली. तिला आता पॅच लागणार नव्हता.

अशा चिरेला आतून आधार द्यावा लागतो, नाहीतर नवी ट्यूब तिच्यातून फुग्यासारखी बाहेर येते. टूथपेस्टची नळी कापून, धुऊन, तिची घडी आत लावली. दोन किलोमीटरवर चिरेशी टायर फुगलं, नळीची कड ट्यूबमध्ये घुसली आणि दुसरी ट्यूबही वीतभर फाटली. उरली एक, तीन पॅचची. ती मी पिशवीतून काढलीच नाही. वेळासचा उतार सायकल हातात धरून उतरले.

त्या दिवशी दापोलीजवळच्या मुरूडला पोचायचं होतं. दुपारी एकला वेळासमध्ये एका घरी मुक्काम मागितला. काकूंनी सायकलकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि आधी जेवायला वाढलं. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. मी मामीला फोन करून उद्या येत नाही असं सांगितलं. ती "बरं, सावकाश ये" म्हणाली, पण तिचा आवाज उतरलेला कळला.

चौथा दिवस : वेळास

सकाळच्या एसटीनं भाचा मंडणगडला टायर शोधायला गेला. मी किनाऱ्यावर गेले. वेळास नाना फडणवीसांचं मूळ गाव, पण आता त्याचं नाव ऑलिव्ह रिडले कासवांमुळे सगळीकडे झालं आहे. थंडीत माद्या रात्री येऊन वाळूत अंडी घालतात, गावातले कासवमित्र ती उचलून कुंपणातल्या वाळूत तशीच पुरून ठेवतात, आणि पिल्लं पाण्याकडे जाताना बघायला फेब्रुवारीपासून लोक येतात. मी तिथे होते तेव्हा पिल्लांना अवकाश होता. पण त्या रात्री एक मादी येऊन गेली होती. ओल्या वाळूवर तिची चाल उमटलेली होती, दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारखे फटकारे आणि मधे घासत नेलेलं पोट. पाण्यापासून वर आणि वरून परत पाण्यापर्यंत. तिच्या मागावर मी दोनदा चालले.

दुपारी भाचा परतला तो खांद्यावर टायर आणि हातात ट्यूब घेऊन. मंडणगडला त्याला २८ इंची टायर मिळालं होतं आणि दुकानदारानं ७०० आणि २८ इंच एकच असं सांगितलं होतं. नावापुरतं ते खरं आहे. पण आपल्या जुन्या काळ्या सायकलीचं २८ इंची टायर रिमवर जिथे बसतं तिथे त्याचा व्यास ६३५ मिलिमीटर, आणि माझ्या चाकाचा ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक. टायर रिमवरून सैल बांगडीसारखं फिरत होतं. ट्यूब आत मावली असती, रबर ताणतं किंवा दबतं, पण तिचा व्हॉल्व्ह जाड देशी नळीचा आणि माझ्या रिमचं भोक बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचं. भाच्याचा चेहरा पडला. दोन एसट्या बदलून, उन्हात गावभर फिरून त्यानं ते आणलं होतं. मी त्याला जवळ बसवलं आणि टायरच्या कुशीवर छापलेले आकडे कसे वाचायचे ते दाखवलं. निघायच्या आधी हे त्याला शिकवायला हवं होतं.

शेजारचे दादा मासेमारी करणारे, त्यांची होडी बाणकोटच्या बंदरात असते. ओटीवर येऊन त्यांनी चिरलेलं टायर हातात फिरवलं. "हे शिवता येईल की," म्हणाले आणि घरातून दाभण आणि जाळ्याचा नायलॉनचा दोरा घेऊन आले. चिरेच्या दोन्ही कडा त्यांनी जाळं सांधतात तशा, प्रत्येक टाक्याला गाठ मारत सांधल्या. मग सैल पडलेल्या त्या २८ इंची नव्या टायरचाच तळहाताएवढा तुकडा कापून, कडा विळीवर घासून पातळ केल्या आणि आतून चिकटवला. याला गेटर म्हणतात, हे मला माहीत होतं. पण शिवणीच्या वर गेटर देतात हे मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी पैसे घेतले नाहीत. भाच्यानं आणलेलं टायर असं कामी आलं, आणि संध्याकाळी तो पुन्हा बोलायला लागला.

पाचवा दिवस : वेळास ते गुहागर

दादांनी बजावलं होतं की शिवणीवर ताण नको, हवा कमी ठेवा. मी ठेवली. सकाळी सहाला निघालो. केळशीच्या अलीकडे, खाडीकाठच्या सपाट रस्त्यावर, इतक्या दिवसांनी मला पायांत लय सापडली. उजेड नुकताच फुटत होता, खाजणात बगळे उभे होते. तो अर्धा तास मला या प्रवासातून कोणी काढून घेऊ शकत नाही.

केळशीच्या बाजारात मागचं चाक बसलं. शिवण शाबूत होती, एक टाकाही सुटला नव्हता. पण हवा कमी असली की टायर ब्रेक लावताना रिमवर किंचित सरकतं, आपल्यासोबत ट्यूबला ओढतं, आणि व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला असतो. ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली होती. तिथे पॅच बसत नाही. देशी ट्यूब होती, रिमचं भोक गोल कानसीनं मोठं केलं तर ती बसली असती. कानस कुठे ना कुठे मिळालीही असती. पण तिच्यातही हवा कमीच ठेवावी लागली असती, आणि पुढे आंजर्ल्याचे चढउतार, खाली थेट समुद्र. शिवलेल्या मागच्या टायरवर, मऊ चाकानं तो उतार मी घेणार नव्हते. माझ्यामागे कोवळं पोर होतं, आणि मी केलं ते सगळं तो करणार होता.

देवळाच्या पायरीवर बसून मी त्याला सांगितलं, की तू पुढे जा. आंजर्ले, हर्णै, दापोली, दाभोळ. मी एसटीनं दाभोळच्या जेटीवर भेटते. तो तयार होईना. "तुझं आजोळ आहे, मावशी. तुझ्याशिवाय मी सायकलनं जाऊन काय करू?" मी म्हटलं, "आपल्या दोघांतलं एक चाक तरी गुहागरला लागू दे." मग तो उठला. वळणापाशी दोनदा मागे वळून पाहिलं आणि दिसेनासा झाला.

माझी सायकल एसटीच्या टपावर चढली. दापोलीला गाडी बदलली, कंडक्टरनं स्वतः दोर बांधून दिला. दाभोळच्या जेटीवर मी तीनपासून बसले. समोर वाशिष्ठीचं रुंद पाणी, पलीकडे अंजनवेलचा वीज प्रकल्प, दर फेरीबोटीबरोबर येणारी जाणारी माणसं. साडेपाचला तो आला, धुळीनं माखलेला, ओठ सुकलेले. चार दिवसांत त्याच्या सायकलीत एकदाही हवा भरावी लागली नव्हती. फेरीबोटीत दोन्ही सायकली एकमेकींना टेकवून उभ्या केल्या. धोपाव्याला मी माझी सायकल टेम्पोत टाकली. तो टेम्पोच्या पुढे राहिला, आणि शेवटचे पंधरा किलोमीटर मी हेडलाइटच्या उजेडात त्याची पाठ बघत गेले.

मामीनं कालचे मोदक आज पुन्हा केले होते.

जेवणं झाल्यावर ओटीवर दिवा घेऊन तो बसला. न सांगता त्यानं आपल्या सायकलीची दोन्ही चाकं उतरवली, टायर आतून बाहेर उलटी केली, खिशातला म्हसळ्याचा बोळा काढला आणि सावकाश फिरवायला लागला. पुढच्यात काही नव्हतं. मागच्या टायरमध्ये अर्ध्या फेऱ्यात कापसाचा धागा अडकला. बाभळीचा काटा, जाड रबरात पुरता शिरलेला, टोक आतून जेमतेम डोकावत होतं.

"मावशी, चिमटा आहे?" त्यानं विचारलं.

मी आत जाऊन मामीचा शिवणाचा डबा घेऊन आले.